हृदयविकार आणि रक्तवाहिन्यांतला दाह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये हल्ली एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह (इन्फ्लमेशन) दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची रक्ततपासणी, सर्रास असते. आकडा लाल अक्षरात आला की घरात काळजी सुरू होते, आणि मग हळदीच्या कॅप्सूलपासून थेट अँजिओग्राफीपर्यंत काहीही सुचवलं जातं. या विषयावर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

कोलेस्टेरॉल साचून ब्लॉक होतो एवढंच माहीत होतं. यात दाह कुठून आला?

दोन्ही एकाच प्रक्रियेचे भाग आहेत. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरतं आणि तिथे अडकून पडतं. या कणांचं ऑक्सिडेशन झालं की शरीर त्यांना परकं समजू लागतं. अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर चिकट रेणू आणतात. रक्तातून वाहत जाणाऱ्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी त्यांना चिकटतात, भिंतीत उतरतात आणि तिथे मॅक्रोफेज बनतात. या मॅक्रोफेज एलडीएल गिळत राहतात, चरबीने फुगतात आणि शेवटी मरतात. मेलेल्या पेशी आणि चरबी मिळून मऊ गाभा तयार होतो. त्याच्यावर स्नायुपेशी कोलॅजनचं आवरण तयार करतात. हा झाला प्लाक.

नळात साचणारा क्षार बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो, पण प्लाकला गळवाची उपमा जास्त लागू पडते. आत मऊ, वर पातळ आवरण, आणि धोका असतो तो फुटण्याचा.

गाभ्यातले कोलेस्टेरॉलचे स्फटिक मॅक्रोफेजला डिवचतात. तिच्यातून इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन बाहेर पडतं, त्याने इंटरल्यूकिन-६ वाढतं, आणि इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी बनवायला लावतं. तुमच्या रिपोर्टवर दिसतो तो या साखळीचा शेवटचा दुवा. हे लक्षात ठेवलं तर पुढची बरीच उत्तरं सोपी जातील : सीआरपी स्वतः धमनी खराब करत नाही, ती फक्त खबर देते. म्हणून आकडा खाली आणणं हे उद्दिष्ट ठेवू नका. दाहाला खतपाणी कशाने मिळतंय ते शोधा आणि ते बंद करा.

अँजिओग्राफीत फक्त ४० टक्के ब्लॉक होता. तरी अटॅक कसा आला?

अँजिओग्राफीत रक्त वाहतं ती पोकळी दिसते, भिंत दिसत नाही. शिवाय प्लाक वाढताना धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगते, त्यामुळे भिंतीत बराच प्लाक असूनही पोकळी फारशी अरुंद झालेली नसते. टीएमटी म्हणजे ट्रेडमिलची चाचणीही साधारणपणे मोठा, ७० टक्क्यांच्या आसपासचा अडथळाच पकडते. म्हणून टीएमटी नॉर्मल आल्यावर महिनाभराने अटॅक आला, असं घडू शकतं. त्यात दरवेळी तपासणीची चूक असतेच असं नाही.

दाह चालू असताना मॅक्रोफेजमधून कोलॅजन विरघळवणारी विकरं (एन्झाइम) सुटतात. आवरण पातळ होत जातं. ते ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ झालं की प्लाक धोकादायक मानतात. ते फाटलं की आतला गाभा रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. काही वेळा आवरण फाटत नाही, नुसतं वरचं अस्तर झिजतं आणि त्यावर गुठळी होते. धूम्रपान करणाऱ्यांत आणि स्त्रियांत हा प्रकार तुलनेने जास्त आढळतो.

हृदयविकारात दाह बघणं हे नवीन फॅड आहे का?

नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५० च्या दशकातच धमनीच्या भिंतीतल्या दाहाबद्दल लिहिलं होतं. माणसांवरचा ठोस पुरावा मात्र २०१७ साली कॅन्टॉस चाचणीतून मिळाला. तिच्याबद्दल औषधांच्या प्रश्नात लिहिलं आहे.

एचएस-सीआरपी आणि साधी सीआरपी यांत फरक काय? तपासणी कशी करावी?

मोजलं जाणारं प्रथिन तेच. साधी सीआरपी न्यूमोनिया, टायफॉइड अशा मोठ्या संसर्गात मोजतात, तिथे आकडा शंभर-दोनशेवर जातो. हृदयाच्या दृष्टीने १ आणि ३ यांतला फरक महत्त्वाचा असतो, आणि तो पकडायला जास्त संवेदनशील पद्धत लागते. लॅबमध्ये नाव घेऊन ‘एचएस-सीआरपी’च मागा.

उपाशी राहायची गरज नाही. गेल्या २-३ आठवड्यांत ताप, सर्दी-खोकला, जुलाब, दाढ काढणं, लस, पडझड किंवा ऑपरेशन झालं असेल तर थांबा. आदल्या दिवशी सिंहगड चढून आला असाल तरीही दोन-तीन दिवस जाऊ द्या, कारण जोरदार व्यायामाने आकडा तात्पुरता वाढतो. एकाच तपासणीवर विसंबू नका. किमान दोन आठवड्यांच्या अंतराने, त्याच लॅबमध्ये दोनदा करून सरासरी घ्या.

मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. आकडा १० च्या वर गेला तर आधी संसर्ग किंवा दाहाचा दुसरा आजार शोधायचा आणि बरं वाटल्यावर पुन्हा मोजायचं.

एककाकडे नीट बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये रिपोर्ट देतात, तिथे १० ने गुणावं लागतं. समजा रिपोर्टवर ०.४२ लिहिलंय आणि शेजारी मिग्रॅ/डेसिलिटर आहे. तर तो आकडा ४.२ मिग्रॅ/लिटर झाला, म्हणजे ‘जास्त’च्या गटात गेला. ०.४२ बघून निर्धास्त होण्याची चूक इथेच होते. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढलं’ म्हणून घाबरणारेही असतात.

दोनदा केलं, दोन्ही वेळा ४ च्या आसपास आलं. आता पुढे काय?

आधी उघड कारणं तपासायची : तंबाखू, कंबरेचा घेर, साखर, झोपेतलं घोरणं आणि श्वास अडकणं, हिरड्या, सांधे, त्वचा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनीही सीआरपी वाढते, त्यामुळे गर्भनिरोधक किंवा रजोनिवृत्तीनंतरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

त्याच सुमारास लिपिड प्रोफाइल, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि रक्तदाब बघून घ्या. लिपोप्रोटीन-ए हा एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कण. ते आयुष्यात एकदा मोजलं की पुरे, ते बहुतांशी आनुवंशिक असतं आणि ५० मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला धरतात. नुसतं एचएस-सीआरपी वाढलं म्हणून लक्षणं नसताना अँजिओग्राफी करायला जाऊ नका. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) सुरू करावं की नाही अशी घालमेल असेल, तेव्हा हा आकडा खरा उपयोगी पडतो. वय, रक्तदाब, साखर आणि कुटुंबाचा इतिहास मिळून धोका मध्यम असेल आणि एचएस-सीआरपी सातत्याने २ च्या वर असेल, तर पारडं स्टॅटिनकडे झुकतं.

अमेरिकेत २७,९३९ निरोगी स्त्रियांचा ३० वर्षं पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. सुरुवातीला एकदाच मोजलेलं एचएस-सीआरपी, एलडीएल आणि लिपोप्रोटीन-ए, या तिन्हींनी पुढचा धोका स्वतंत्रपणे दाखवला. म्हणून ‘एलडीएल ठीक आहे, मग सीआरपीकडे कशाला बघायचं’ आणि ‘सीआरपी ठीक आहे, मग एलडीएल असू दे’ ही दोन्ही मतं आम्हाला पटत नाहीत.

पॅकेजमध्ये ईएसआर आणि होमोसिस्टीनही जास्त आलंय.

ईएसआर हृदयाचा धोका ठरवायला कामाचा नाही. तो रक्तक्षय, वय, गर्भारपण, क्षय अशा कितीतरी कारणांनी वाढतो. होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल आहे. ते वाढलेलं असेल तर बी-१२ तपासा. शाकाहारी घरांत त्याची कमतरता फार दिसते आणि ती भरून काढायलाच हवी, नसा आणि रक्तासाठी. मात्र जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवलं तरी हार्ट अटॅक कमी होत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आलं आहे.

मी बारीक आहे, वजन ६२ किलो. माझ्यात दाह कसा असेल?

या प्रश्नावर पुण्यातच महत्त्वाचं काम झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आत चरबी जास्त, स्नायू कमी, अशी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण असते. पुणे परिसरातल्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-बालकांच्या अभ्यासात ही ठेवण जन्मतःच दिसून आली.

पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तिच्यात मॅक्रोफेज घुसतात आणि इंटरल्यूकिन-६ तयार होतं, ते सरळ यकृताकडे जातं. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. पँट बांधतो तिथे मोजू नका. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडल्यावर वाचा, पोट आत ओढू नका. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी या आपल्यासाठीच्या मर्यादा आहेत.

मी सिगारेट ओढत नाही, फक्त मिश्री लावते. त्याने काय होणार?

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दिवसातून तीन-चार वेळा हिरड्यांना चोळली की निकोटीन रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब वाढतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून अधिक दिसला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांत चौपटीच्या आसपास. विडी-सिगारेटच्या धुराने अस्तराला थेट इजा होते आणि पांढऱ्या पेशींची संख्याही वाढलेली राहते. ‘दिवसाला दोनच’ हे समाधान खोटं आहे, कारण हृदयाचा धोका पहिल्या एक-दोन सिगारेटींतच झपाट्याने वर जातो.

सोडल्यावर फायदाही लवकर दिसतो. धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका वर्षभरात जवळपास निम्म्यावर येतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ हा क्रमांक मोफत आहे. निकोटीनच्या च्युइंगममधली चूक अशी, की लोक तो सतत चघळतात. थोडा चघळून, जिभेला चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचा, मग पुन्हा. आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही.

हिरड्यांतून रक्त येतं. त्याचा हृदयाशी संबंध आहे?

संबंध आहे, पण किती ते समजून घ्या. हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्यांत हृदयविकार जास्त आढळतो, आणि हिरड्यांवर खोलवर उपचार केल्यावर सीआरपी काही प्रमाणात उतरते. त्यामुळे अटॅक टळतात, हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. दात सांभाळण्यासाठी उपचार करून घ्याच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दंतवैद्याला आधी सांगा, आणि स्टेंट नुकता बसवला असेल तर कोणाच्याही सांगण्यावरून गोळ्या परस्पर बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होणं जिवावर बेततं.

आईला संधिवात (ऱ्हुमॅटॉइड) आहे. तिने हृदयाची तपासणी करावी का?

हो, आणि लवकर. या आजारात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट धरतात. सोरायसिस आणि ल्युपसमध्येही धोका वाढतो. गंमत अशी, की आजार भरात असताना एलडीएल उतरलेलं दिसू शकतं आणि उपचाराने दाह आटोक्यात आला की ते वर येतं. ते बघून औषधाला दोष देऊ नका. लिपिड प्रोफाइल सांधे शांत असताना करा. स्टेरॉइडच्या गोळ्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्याव्यात, कारण त्यांनी साखर आणि रक्तदाब वाढतो. सांधे आटोक्यात ठेवणारी मूळ औषधं मात्र चालू ठेवायची.

फ्लूने हार्ट अटॅक येतो हे खरं आहे?

खरं आहे. कॅनडातल्या २०१८ च्या अभ्यासात, तपासणीत फ्लू निश्चित झाल्यानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत अटॅकचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. तापात दाह अचानक उसळतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, नाडी जलद होते. जुना प्लाक असेल तर तो अशा वेळी फाटू शकतो.

पुण्यात फ्लूचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, जुलै ते सप्टेंबर, आणि एक छोटी लाट जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास. त्यामुळे लस एप्रिल-मे किंवा फार तर जूनच्या सुरुवातीला घ्यावी, दरवर्षी. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये शेजारी आजारी पडल्यावर धावत जाण्यात अर्थ कमी, पण तोवर राहिली असेल तर तेव्हाही घ्या. अटॅकनंतर रुग्णालयातच फ्लूची लस दिलेल्या रुग्णांत पुढच्या वर्षभरातल्या गंभीर घटना २८ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ च्या एका चाचणीत दिसलं. हृदयरुग्णासाठी इतका स्वस्त उपाय क्वचितच मिळतो, आणि आपल्याकडे त्याची आठवण करून देणारे फार थोडे, याची खंत वाटते.

दाह कमी करणारं औषध आहे का?

आहे, पण क्रम सांभाळायला हवा.

पहिलं स्टॅटिन. ते एलडीएल उतरवतं आणि सीआरपीही. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ लोक होते. एलडीएल १३० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त. रोसुव्हास्टॅटिन २० मिग्रॅ घेणाऱ्यांत अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना ४४ टक्क्यांनी कमी झाल्या. स्टॅटिन घेऊन रिपोर्ट चांगले आले की गोळी बंद करण्याचा मोह होतो. रिपोर्ट गोळीमुळे चांगला आहे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल पूर्वपदावर जातं. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांनी एलडीएल ५५ च्या खाली ठेवावं.

दुसरं कॅनाकिनुमॅब, ज्याची कॅन्टॉस ही चाचणी झाली. अटॅक येऊन गेलेले आणि एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेले १०,०६१ रुग्ण. कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-१ बीटा अडवतं, कोलेस्टेरॉलला हात लावत नाही. दर ३ महिन्यांनी १५० मिग्रॅ दिल्यावर हृदयाच्या घटना १५ टक्क्यांनी घटल्या. फक्त दाह कमी करूनही फायदा होतो हे यात सिद्ध झालं. पण जिवावर बेतणारे संसर्ग वाढले, शिवाय इंजेक्शन अतिशय महाग, त्यामुळे हृदयासाठी ते वापरात आलं नाही. पाठोपाठ कमी मात्रेतलं मेथोट्रेक्सेट तपासलं गेलं, त्याने ना सीआरपी उतरली ना अटॅक कमी झाले. थोडक्यात, दाहाचं कुठलंही एक औषध दिलं की चालतं असं नाही, इंटरल्यूकिन-१ पासून इंटरल्यूकिन-६ कडे जाणारी वाट अडवणारंच लागतं.

तिसरं कोल्चिसिन, हे गाऊटसाठीचं जुनं औषध, रोज ०.५ मिग्रॅ. २०१९ च्या कोल्कॉट चाचणीत अटॅकनंतर महिन्याभरात सुरू केल्यावर घटना २३ टक्क्यांनी, आणि २०२० च्या लोडोको-२ मध्ये जुन्या स्थिर रुग्णांत ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या क्लिअर सिनर्जी चाचणीत मात्र अटॅकनंतर लगेच दिल्याने फायदा दिसला नाही. आमचं मत असं : एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांची नीट व्यवस्था लागल्यानंतरही दाह चालू असलेल्या निवडक रुग्णांसाठी ते ठीक आहे. सरसकट नको.

कोल्चिसिन चालू आहे. काय सांभाळायचं?

उपयोगी आणि विषारी मात्रेतलं अंतर कमी आहे, म्हणून स्वतः डोस वाढवू नका. मूत्रपिंडाचं काम फार कमी असेल (ईजीएफआर ३० च्या खाली) किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर टाळतात. जुलाब हा नेहमीचा त्रास.

खरी गडबड दुसऱ्या औषधांसोबत होते. खोकल्या-तापाला क्लॅरिथ्रोमायसिन दिलं गेलं किंवा नायट्याला इट्राकोनॅझोल, तर कोल्चिसिन शरीरात साठतं. उलट्या-जुलाब, स्नायूंची कमजोरी, पांढऱ्या पेशी घटणं, इथपर्यंत जाऊ शकतं. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम या हृदयाच्या गोळ्यांनीही पातळी वाढते. नायट्यासाठी इट्राकोनॅझोल आपल्याकडे सहज लिहून दिलं जातं, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांनाही गोळ्यांची पूर्ण यादी दाखवा. पायऱ्या चढताना मांड्या लटपटू लागल्या तर त्याच दिवशी कळवा, विशेषतः स्टॅटिनही चालू असेल तर.

सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळ्या फुलांची कळलावी फुलते. तिच्या कंदात कोल्चिसिनच असतं, आणि ते किती असेल याचा नेम नसतो. ‘नैसर्गिक कोल्चिसिन’ म्हणून कोणी कंद दिला तर खाऊ नका. त्याने मृत्यू होतात.

मग रोज एखादी ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतली तर? तीही दाह कमी करते.

हृदयासाठी हे उलटं पडतं. या गोळ्या कॉक्स-२ हे विकर अडवतात. त्याने अस्तरातलं प्रोस्टासायक्लिन घटतं, जे बिंबिकांना (प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या पेशी) शांत ठेवत असतं. गुठळीकडे कल वाढतो, शरीरात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो. रोफेकॉक्सिब हे त्याच जातीचं औषध याच कारणाने २००४ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब हृदयरुग्णांनी टाळावीत. गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून पट्टी आणून महिनोन्‌महिने गोळ्या खाणारे ज्येष्ठ फार आहेत. त्यांनी लावायचं जेल, शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, या वाटेने जावं.

अजून एक. आयब्युप्रोफेन (म्हणजेच ब्रुफेन) आधी घेतलं तर ॲस्पिरिनला बिंबिकांवर जागाच मिळत नाही. एखाद्या दिवशी घ्यावंच लागलं तर साधी ॲस्पिरिन घेऊन किमान अर्ध्या तासाने घ्या. आवरण असलेली ॲस्पिरिन उशिरा विरघळते, तिथे हा हिशेब लागू होत नाही. आणि ७५ मिग्रॅ ॲस्पिरिन दाहासाठी नसतेच, ती बिंबिकांसाठी असते. सीआरपी वाढली म्हणून ती सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

हळद, लसूण, जवस?

स्वयंपाकात भरपूर वापरा. पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के असतं आणि त्यातलं फार थोडं रक्तात पोचतं. हृदयविकार टळल्याचा पुरावा नाही. मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्या धोक्याच्या.

ताटात फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, मूठभर (३० ग्रॅम) शेंगदाणे किंवा अक्रोड. तेल माणशी दिवसाला ४-५ छोटे चमचे, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ३ लिटरच्या आत. बेकरीतली खारी आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातलं तळण कमी करा. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण तीच कढई दिवसभर उकळत राहिली तर त्या नियमाचा फायदा बराचसा वाया जातो.

टेकडीवर फिरायला जातो, पण हवा खराब असते. जावं की नाही?

जावं, वेळ बघून. पीएम २.५ हे हवेतले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जाऊन दाह सुरू करतात आणि त्याचे परिणाम रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात. थंडीत पहाटे थंड हवेचा थर खाली बसून राहतो आणि धूर त्यातच अडकतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीत ऊन पडल्यावर निघा. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेच्या ‘सफर’वर त्या दिवशीचा निर्देशांक बघता येतो. दुचाकीवर तोंडाला बांधलेला स्कार्फ ऊन आणि धूळ अडवतो, पीएम २.५ अडवत नाही. त्यासाठी नीट बसणारा एन-९५ लागतो.

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना छातीत दडपण आलं आणि थांबल्यावर गेलं, तर ते वयावर ढकलू नका. तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याची खूण, असू शकतो.

मुलांच्या हृदयालाही दाह होतो का?

होतो, पण तो प्रकार वेगळा. कावासाकी आजारात ५ दिवसांहून जास्त ताप, चिपडं नसलेले लाल डोळे, फाटलेले लाल ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, मानेत गाठ, नंतर बोटांची टोकं सोलणं. १० दिवसांच्या आत किलोमागे २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) शिरेतून दिलं तर हृदयाच्या धमन्या फुगण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणून पाचव्या दिवशी ताप उतरला नाही तर ‘व्हायरल आहे’ म्हणून थांबू नका.

घसादुखीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एकेक मोठा सांधा आळीपाळीने सुजू लागला तर संधिज्वराची (ऱ्हुमॅटिक फीवर) शंका घ्यावी. त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. दर २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मुलाला बरं वाटतंय म्हणून चुकवलं, तर पुढच्या झटक्यात झडप आणखी बिघडते.

आडवं पडलं की छातीत दुखतं, पुढे वाकलं की बरं वाटतं. हाही अटॅक?

हे हृदयावरणाच्या दाहाचं लक्षण असू शकतं. त्यात दाहशामक गोळ्या आणि ३ महिने कोल्चिसिन हाच योग्य उपचार, म्हणजे वर टाळायला सांगितलेल्या गोळ्या इथे डॉक्टरच देतील. पण हे ईसीजी आणि टू-डी इको झाल्यावर ठरतं, घरी नाही.

आणि अटॅकची शंका आली तर?

छातीच्या मध्यभागी दडपण, जळजळ, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. मधुमेही आणि स्त्रियांत नुसती धाप किंवा मळमळही असते. ईनो, सोडा घेऊन वाट बघण्यात मोलाचा वेळ जातो. १०८ ला फोन करा. ॲलर्जी, अल्सरचा रक्तस्राव किंवा पक्षाघाताची लक्षणं नसतील तर ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चघळून घ्या, अख्खी गिळू नका. सॉर्बिट्रेट आधीपासून लिहून दिलेली असेल तरच, आणि बसून, जिभेखाली ठेवा. रक्तदाब एकदम पडून माणूस कोसळू शकतो. गेल्या दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी (लैंगिक ताकदीची) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नको.

ईसीजी १० मिनिटांत निघेल आणि अँजिओप्लास्टी चोवीस तास होत असेल अशा रुग्णालयात जा. आपल्या घराजवळचं तसं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. पेशंटला जिना उतरायला लावू नका, खुर्चीत बसवून खाली आणा, आणि त्याला स्वतः गाडी चालवत जाऊ देऊ नका.